वारसिनीचा होकार

जावा बेटावरच्या लासेम गावात दुपारी गरम मेणाचा वास इतका दाटतो की जाग कुठे संपली आणि झोप कुठे लागली ते कळत नाही. ओसरीवर वेताच्या खुर्चीत वारसिनी पेंगत होती. स्वप्नात तिची वारलेली सासू बाटिकच्या नक्षीचे कागद उलगडत बसली होती. वेली, मासे, अर्धी उमललेली कमळं. खरं तर ते कागद चार वर्षांपूर्वी पुरात भिजून लगदा झाले होते. पण त्याआधीच लेकीने, वेनिंगने, त्यांचे फोटो काढून क्लाउडवर कडक पहाऱ्यात ठेवले, म्हणून हा एवढासा कारखाना तगला.

“आपल्यासारख्यांना असला पहारा परवडतो होय?” वारसिनीने तेव्हा विचारलं होतं.

“बू,” वेनिंग आईला म्हणाली, “मोठ्या बँकांच्या दारात असतो तोच पहारेकरी आपल्या दारात, महिन्याला दोन वाट्या सोतो सुपाच्या पैशात. अनोळखी कुणी पासवर्ड घेऊन आला तरी तो तुला विचारेल. तू फक्त हो किंवा नाही म्हणायचं.”

इथेच घोडं पेंड खात होतं. जावामधली बाई तोंडावर नाही म्हणत नाही, आणि वारसिनीने तर जन्मात म्हटलं नव्हतं. दिराने पुढची खोली मागितली, हो. परवा सुराबायाच्या एका गोडबोल्या गिऱ्हाइकाने पासवर्ड मागितला, तरी हो.

मांडीवरचा फोन थरथरला. ‘लांबच्या शहरातून कुणीतरी तुमचं दार उघडतंय. तुम्हीच आहात का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. तेवढ्यात गोडबोल्याचाच फोन आला.

“बू, मीच आहे. नमुने नुसते बघायचेत. तेवढं ‘हो’ दाबा ना.”

वारसिनीच्या डोळ्यांवर अजून झोप होती. सासू कागद छातीशी धरून तिच्याकडे बघत होती. हा माणूस आत शिरला तर ती कमळं महिन्याभरात बाजारात छापील कापडावर येतील, मग हाताने काढलेलं आपलं कापड कोण विचारणार? तिला एकदम रडू आलं.

“हो हो, दाबते हं,” ती अदबीने म्हणाली. मग फोन कानावरून खाली घेतला आणि ‘नाही’वर अंगठा टेकवला.

मेणाच्या खोलीतून वेनिंग धावत आली. तिच्याही फोनवर निरोप पोचला होता.

“बू, दार बंद झालंय. तू नाही म्हणालीस? तू?”

“अंगठ्याने,” वारसिनी म्हणाली. “तोंडाने होच म्हटलं, न्दुक, पोरी. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?”