मर्टलचं घर निघालं

"सिंहाच्या पायाशी उभी राहते, जरा खालून काढा हं," कॅनडाची बाई म्हणाली, आणि टॅक्सीवाल्या डार्नलीच्या खिशातला फोन पुन्हा थरथरला.

टेकडीवरच्या त्या पांढऱ्या दगडी सिंहापुढे डार्नलीने आजवर इतक्या लोकांचे फोटो काढले होते की सिंह आता त्याला नावानिशी ओळखत असेल. आज मात्र पहिल्या फोटोत बाईचं डोकं आलं नाही आणि दुसऱ्यात सिंहाचं.

"उचला की फोन," बाईचा नवरा म्हणाला.

"काही नाही साहेब, घरचं आहे."

घरचंच होतं. म्हणजे घराचंच. पश्चिम किनाऱ्यावरचं त्याच्या आईचं, मर्टलचं, लाकडी घर आज निघायचं होतं. जमीन मालकाची, घर आपलं, अशी बार्बाडोसमधली आजा-पणजापासूनची चाल. म्हणून घरं अशी बांधायची, की मालकाने ऊठ म्हटलं की फळ्या खोलून ट्रकवर चढवता याव्यात. पाया म्हणून नुसते दगड रचलेले. या मालकाने किनारा हॉटेलवाल्यांना विकला होता. मर्टलला नवी जागा मिळाली होती वर, उसाच्या मळ्यामागे. तिथून समुद्र दिसत नव्हता.

पहिला खिळा निघण्याआधी थोरल्या मुलाने घराच्या चारी कोपऱ्यांना रम शिंपडायची, पूर्वजांना सांगायचं, चला, आपण निघालो. रमची बाटली डार्नलीच्या गाडीच्या डिकीत होती. "सकाळी येतो," असं तो आईला सांगून गेला होता, आणि सकाळ झाल्यावर सरळ टॅक्सीच्या अड्ड्यावर जाऊन पहिलं गिऱ्हाईक घेऊन मोकळा झाला होता. बापाने आपल्या हातांनी उभं केलेलं घर त्याला फळी-फळी सुटताना पाहवणार नव्हतं. एवढंच, दुसरं काही कारण नव्हतं.

पण पळून तरी जीव कुठे थाऱ्यावर होता? जुन्या पवनचक्कीपाशी त्याने दीपगृहाची गोष्ट सांगितली. पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्रात उभे असलेले ते प्रचंड खडक पाहून बाई हरखून गेली, तर याने गाडीचं इंजिन बंदच केलं नाही. साहेब माशाचे वडे खात होते, तोंडातला घास तसाच ठेवून गाडीत बसले.

अखेर त्याने फोन उचलला. क्लीमंट मिस्त्री होता.

"अरे बाबा, आहेस कुठे? माणसं सकाळपासून हातोडे घेऊन बसलीत. शाळा सुटायच्या आत ट्रक रस्त्याला लागला नाही तर गर्दीत अडकलोच! आणि तुझी आई दारात खुर्ची टाकून बसलीय, खिळ्याला हात लावू देत नाही."

"मग घे ना दुकानातून एक बाटली, आणि तूच शिंपड."

"म्हटलं मी तसं. म्हणाली, बाटली मिळेल रे दुकानात, मुलगा मिळतो का?"

डार्नलीने फोन खिशात टाकला. मग मागे वळून म्हणाला, "बाई, एक किनारा आहे. कुठल्या नकाशात दाखवत नाहीत. बघायचाय?"

"तुम्ही लहानपणी पोहायचात, तसला?"

"तोच."

बदामाच्या झाडाखाली गाडी थांबली, तेव्हा मर्टल टोपी घालून, हातात पर्स धरून दारात बसलेली होती, चर्चला निघाल्यासारखी.

"आले का लाटसाहेब?" ती म्हणाली. "आणि आज कोण बरोबर? पाहुणे आणलेस? शाब्बास! घरात एक पेला बाहेर नाही, सगळं पोत्यात बांधलंय."

"आई, मी..."

"कळलं. बापाला तुझ्या तरी कुठे कुणाचं निघणं बघवायचं? जा, आधी कोपरे कर."

डार्नलीने कोपऱ्या-कोपऱ्याला रम शिंपडली. चौथ्या कोपऱ्यात बापाने चाकूने कोरलेली होडी होती. तिथे त्याचा हात थांबला आणि त्याला रडू आलं. मिस्त्रीने टोपी काढली. मर्टल खुर्चीतून उठली.

मग मात्र हातोडे चालले ते चाललेच. छप्पर उतरलं, भिंती उतरल्या. साहेबांनी शर्ट काढला आणि कुणी न सांगता फळ्या वाहायला लागले. "उद्या पाठ धरेल हो तुमची!" मिस्त्री ओरडला. बाई पाण्यात पाय बुडवून आली आणि मर्टलशेजारी वाळूवर बसली.

"किती सुंदर जागा आहे ही! मी असते तर कधी सोडली नसती."

"सुंदर आहे म्हणूनच सोडावी लागतेय, बाई," मर्टल म्हणाली. "डबकं असतं, तर मरेपर्यंत कुणी हलवलं असतं का मला इथून?"

बाईने फोटोसाठी काढलेला फोन पिशवीत ठेवला.

शाळा सुटायच्या आत ट्रक निघाला. फळ्यांच्या सगळ्यात वर दार होतं, दाराला कडी तशीच. मागे उरले ते चौकोनात मांडलेले दगड. पाहुणे गाडीत जाऊन बसले.

"चल आई."

"थांब." तिने झाडाला टेकवलेला खराटा उचलला.

"आता कशाला? उद्या यंत्रं येणार आहेत इथे."

"येऊ देत की. मर्टल घाण टाकून गेली म्हणायला नको कुणी."

रोज सकाळी झाडायची तशीच ती झाडत राहिली. दगडांच्या आतली जमीन, मग अंगण. खिळे, भुसा, बदामाची पानं, सगळं एका बाजूला केलं. मग पाठमोरी सरकत, स्वतःच्या पावलांचे ठसे खराट्याने पुसत, गाडीच्या दारापर्यंत आली. मागे वाळूवर नुसत्या बारीक, सरळ रेघा राहिल्या.

डार्नलीने गाडीचं दार उघडून धरलं. "आई, निदान कुणी राहत होतं इथे, एवढं तरी कळू दे की गं."

मर्टलने खराटा झटकला आणि मांडीवर आडवा घेऊन पुढच्या सीटवर बसली.

"दार लाव," ती म्हणाली. "पाहुण्यांना उशीर होतोय."