एल्डन फॉर्कची चोवीस पानं

मी एक माहितीपुस्तिका. चोवीस पानांची, गुळगुळीत कागदाची, पाठीत दोन पिना ठोकलेली. अमेरिकेत ओहायो राज्यात एल्डन फॉर्क नावाचं एक एवढंसं शहर आहे, ते सगळंच्या सगळं माझ्या पोटात आहे. वस्ती अकरा हजार चारशे, एक नदी, एक वाचनालय, शाळेचा बँड आणि पंपांचा एक कारखाना. बाहेरच्या लोकांनी तिथं येऊन राहावं म्हणून नगरपालिकेनं मला छापलं. आता मी आहे सिंगापूरच्या एका हॉटेलात, सारंग नावाच्या मुलाच्या बॅगेत, लाडवाच्या स्टीलच्या डब्याखाली. सकाळी त्याचं पुण्याचं विमान आहे. तेवढ्या वेळात सांगून टाकते.

आधी एक कबूल करते. मी जरा खोटारडी आहे. माझ्या चोवीस पानांत एकही माणूस दमलेला नाही. म्हातारेसुद्धा दात दाखवून हसताहेत. खरं काय ते फक्त समासात आहे, निळ्या शाईत. ते डोनानं लिहिलंय.

डोना कारखान्यात सुट्या भागांच्या खात्यात होती. एकोणीस वर्षं! कुठल्या जुन्या पंपाला कुठला वायसर लागतो हे ती कागद न बघता सांगायची. कंपनीचं एक ऑफिस सिंगापूरला, पाया लेबारला होतं. तिथं दोन हजार पाच साली मेधा लागली. मूळची पुण्याची, नवरा आणि मुलीबरोबर टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. साहेबांनी तिला सांगितलं, "डोनाचं काम फोनवरून शिकून घ्या. तिच्यावरचा भार जरा हलका करायचाय." मेधाला ते खरंच वाटलं. का वाटू नये?

तिकडे सकाळचे आठ वाजायचे तेव्हा इकडे संध्याकाळचे आठ. म्हणजे मेधा ओट्याशी, फोन कानाला आणि कुकर गॅसवर. पहिल्याच दिवशी मेधानं विचारलं, "तुमचं गाव कसं आहे हो? घरी कोण कोण असतं?" आपल्या माणसांना हे विचारल्याशिवाय कामाला हातच घालवत नाही! कंपनीच्या फोनवर एकोणीस वर्षांत कुणी डोनाला असलं काही विचारलं नव्हतं. फोन ठेवताना मेधा सवयीनं म्हणाली, "या एकदा आमच्याकडे जेवायला."

आता हे वाक्य आपण टॅक्सीवाल्यालाही म्हणतो. पण डोनाला काय ठाऊक? तिनं ते मनावर घेतलं. तीन आठवड्यांनी टॅम्पिनीसच्या पत्रपेटीत पाकीट पडलं, त्यात मी. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "मेधा, तू बोलावलंस. मला यायला जमेलसं दिसत नाही, म्हणून माझं गावच पाठवते."

मेधा शैलेंद्रला, म्हणजे नवऱ्याला म्हणाली, "अरे, हिनं खरंच धरलं की!" हसली, आणि मग डोळे पुसले.

काय दिवस होते ते! पाचव्या पानावर वाचनालयाची तिसरी खिडकी, तिथं डोना वाचायला शिकली. नवव्या पानावर कारखान्यातल्या रांगेत बाण काढून लिहिलंय, "हा माझा भाऊ. पोट आत घेतलंय." चौदाव्या पानावर बँडमध्ये ढोल वाजवणारी तिची लेक. मेधाची लेक अदिती तेव्हा पहिलीत होती. ती मला वर्गात दाखवायला घेऊन गेली. फोन वाजला की सिंगापुरी पोरांच्या इंग्रजीत ओरडायची, "ममी, युअर डोना कॉलिंग ला!" शिट्ट्या ऐकून डोना विचारायची, "आज काय शिजतंय?" आणि मेधा तिला आमटीची कृती सांगत बसायची. मधूनमधून वायसरही व्हायचे.

सहा महिन्यांनी एका शुक्रवारी डोना म्हणाली, "झालं बाई. मला येत होतं ते सगळं तुला दिलं. सोमवारपासून मी नाही."

"रजेवर का?" मेधानं विचारलं.

"नाही," डोना म्हणाली.

मेधाच्या हातातली पळी तशीच राहिली. कुकरच्या सात-आठ शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, घरभर वास. शैलेंद्र म्हणाला, "तुझा काय दोष? तुला कुणी सांगितलं होतं का?" बरोबरच होतं त्याचं. पण मेधा त्या दिवशी जेवली नाही.

नाताळात डोनाचं कार्ड आलं. ती आता पेट्रोलपंपाच्या दुकानात उभी असायची. भावाचंही काम गेलं होतं, वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडं होतं. शेवटी विचारलं होतं, "तुझं कसं चाललंय?" मेधानं चारदा उत्तर लिहायला घेतलं. आपलं छान चाललंय हे कुठल्या तोंडानं लिहायचं? चारही कागद फाडले. मला मात्र तिनं देवघराशेजारच्या फळीवर उभं केलं.

दोन हजार आठच्या दिवाळीत शैलेंद्रची नोकरी गेली. तिघंही आता मेधाच्या पासवर, म्हणजे तिच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर उभे. तिचं काम गेलं की पास जाणार, आणि पास गेला की महिन्याभरात देश सोडायचा. तीन महिने गेले. मग एक दिवस मेधाचे साहेब, श्रीनिवास, तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, पुण्यात नवी टीम उभी राहतेय. एक मुलगा पाठवताहेत. तेवढं शिकवाल ना? तुमच्यावरचा भार जरा हलका होईल."

मेधा घरी आली ती चपलांसकट फळीशी. माझ्या दुसऱ्या पानावर डोनानं आपल्या घरचा नंबर लिहिला होता, तो तिनं लावला. तो नंबर आता वापरातच नव्हता. आता पुण्याला परत जावं लागणार, असं अदितीला सांगितलं तेव्हा ती पोर म्हणाली, "बट आय लिव्ह हिअर व्हॉट!" दहा वर्षांची.

सारंग आला. चोवीस वर्षांचा, पासपोर्टवर पहिला शिक्का, बोलण्यात सारखं "मॅडम, भारी आहे हो हे सगळं!" मेधाच्या मनात आलं, याला अर्धवटच शिकवावं. जुन्या पंपांच्या खुब्या कुठं कागदावर आहेत? न सांगितल्या तर सहा महिने तरी आपल्यावाचून अडेल त्यांचं. एक अख्खा दिवस ती तशी वागलीसुद्धा. घरी येऊन तिनं मला चाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. डोनानं तिच्यापासून एक वायसरही लपवला नव्हता.

आज शेवटचं जेवण म्हणून सारंग घरी आला होता. आईनं दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा त्यानं मेधापुढं ठेवला. वरणभातावर तुटून पडला. नोकरी पक्की झाली, आता घरी लग्नाचं बघताहेत, हेही सांगून झालं. मग फळीवर मी दिसले, त्यानं उघडून पहिल्या पानावरची सही वाचली. "ही डोना कोण, मेधाताई?"

"माझ्या आधी तुझं काम करायची," मेधा म्हणाली. "घेऊन जा तिला. विमानात वाच."

डबा रिकामा कसा परत करायचा? मेधानं लाडू काढून त्यात चमचाभर साखर घातली.

दारात बूट घालताना सारंग म्हणाला, "ताई, पुण्याला आलात की घरी या हं. आईच्या हातचं जेवायला."

"येईन ना. पुढच्या महिन्यातच येतेय."

"सुट्टीवर?"

"नाही," मेधा म्हणाली.

पोराला काही कळलं नाही. हात हलवून लिफ्टमध्ये शिरला.

माझ्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'या, आमच्याकडे राहायलाच या!' त्याखाली डोनानं तिच्या शेवटच्या शुक्रवारची तारीख तेव्हाच लिहून धाडली होती; तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, मेधाला अर्थ कळला तो सहा महिन्यांनी. त्या तारखेखाली आज मेधानं आपली लिहिली. खाली अजून भरपूर जागा आहे. म्हणून सारंग, बाळा, एवढं ऐक. मला विमानात विसरून जा. सीटच्या खिशात राहू दे, झाडणारे उचलून टाकतील. पुण्याला नेऊ नकोस.

पण तो कसला विसरतोय. आईनं डबा आठवणीनं परत आणायला सांगितलाय, आणि तो माझ्यावरच ठेवलाय.