काचा नसलेला चष्मा

मी चष्मा आहे, पण मला काचा नाहीत. माझ्या एका कडीवर औषधाची बाटली उलटी बसते. बाजूची पट्टी दाबली की थेंब सरळ डोळ्यात.

नागपुरात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या रितिका आणि दुर्गेशनं मला घडवलं. रितिकाच्या मावशी, अंजनाबाई, नागपूरजवळच्या कुहीला एकट्या राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब टाकायचे, तर त्यांचे हात थरथरायचे. मग बाटली घेऊन त्या शेजाऱ्यांच्या दारात उभ्या राहायच्या. रितिकाला ते फार लागलं.

माझा पहिला अवतार साफ फसला. "डोयापेक्षा गालालेच औषध भेटून राह्यलं वं!" अंजनाबाई हसल्या. पोरांनी मला कापलं, घासलं, पट्टी लांब केली. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनीही मला नीट पाहून होकार दिला. मी कुहीला राहायला गेलो.

तेवढ्यात पुण्याहून विद्यार्थ्यांनी बनवलेल्या वस्तूंच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. मला ज्यावर छापलं ते कॉलेजचं थ्री-डी प्रिंटिंगचं यंत्र बंद पडलं होतं. माझ्यासारखा दुसरा नव्हता. "तेवढे दिवस शेजारी टाकतील थेंब," असं म्हणून दुर्गेश मला न्यायला निघाला. रितिका त्याच्याशी बोलेनाशी झाली.

"ने गा बापा, तुमचाच होय तो," अंजनाबाई म्हणाल्या. "फक्त आत्ताचा थेंब टाकू दे मले."

त्या खाटेवर आडव्या झाल्या. बोटं कापत होती, तरी पट्टी दाबली गेली. थेंब पडला. डोळा मिटून त्या तशाच पडून राहिल्या. "कोनाची वाट नाही पाहा लागत आता," एवढंच बोलल्या.

दुर्गेशनं मला पुसायला घेतलं आणि पुसतच राहिला. मला वाटलं, निघालो पुण्याला. पण त्यानं मला त्यांच्या उशाशी ठेवलं आणि फोन लावला. "रितिका, मी रिकामाच येऊन राहिलो. फोटोवर भागवू."

फोटोवर भागलं नाही. "वस्तू कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं. "वापरात आहे," रितिका म्हणाली. नंबर काही आला नाही. येताना गाडीत दोघं पुन्हा बोलायला लागले, तेही माझ्या नाकावरच्या बैठकीबद्दल!

अंजनाबाईंचे डोळे आता बरे आहेत. डॉक्टरांना विचारून, स्वच्छ धुऊन त्यांनी मला गावातल्याच, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या धोंडबांकडे दिलं. त्यांचं नाक रुंद, त्यामुळे मी जरा तिरपा बसतो. रविवारी पोरं माप घ्यायला येणार आहेत.

सगळ्यांच्या घरी पोचायला मला वेळ लागेल. तोवर तुमच्या दारात कोणी औषधाची बाटली घेऊन उभं राहिलं, तर त्यांना दोनदा विचारायला लावू नका.