बारके, दार लाव!

बावीस सेकंद उरले होते आणि जळू एका गुणाने मागे होती. तीन-दोन. ही निवड चाचणी जिंकली तर जागतिक स्पर्धेच्या संघात जागा, हरली तर कुस्ती संपली. एकतिसावं लागलेलं, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली. पुढच्या वर्षी हिला कोण दारात उभं करणार होतं? दोनदा परदेशात खेळून आली. एकदा पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला, एकदा पाचवी. आणि पाचवीला कुत्रं विचारत नाही हो!

बरं, समोर कोण? तर बारकी! कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलेली, एका साबणाने अंघोळ केलेली, एकाच सरांच्या शिव्या खाल्लेली. आता नाव तेवढं बारकी उरलं होतं, खांदे कपाटाएवढे झाले होते. ‘जळू’ हे नावही तिनेच ठेवलेलं, कारण पाय एकदा धरला की ही सोडायचं नाव घेत नसे.

सर आज जळूच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. दोन वर्षांपूर्वी बारकी त्यांना सोडून दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेली, तेव्हापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. सकाळी वजनाच्या वेळी ती पाया पडायला वाकली, तर हे चक्क पाठ फिरवून उभे राहिले.

बारकीची एक जुनी खोड होती. दमली की डावा पाय पुढे राहायचा, उघडा. कॉलेजात सर घसा बसेपर्यंत ओरडायचे, “बारके, दार लाव!” मग ती पाय झटकन मागे घ्यायची. रोज सरावाला समोर जळूच असे, त्यामुळे हे दार तिला तोंडपाठ होतं.

सतरा सेकंद. बारकीला धाप लागली होती. आणि आला, डावा पाय पुढे आला! आता नाही तर कधीच नाही. ती गुडघ्यात वाकली.

“बारके, दार लाव!”

आवाज जळूच्या मागून आला. तिच्याच कोपऱ्यातून.

बारकीने विचारसुद्धा केला नाही. डावा पाय मागे, उजवा पुढे, हजारदा केलं होतं तसं. जळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माझ्या खुर्चीत बसून तिला सांगता? पण अंगाला रागवायला सवड नव्हती. समोर आलेला उजवा पाय तिने गुडघ्यामागून कवटाळला, खांदा घातला आणि उचलला. बारकी धाडकन मागे पडली. पंचांनी दोन बोटं वर केली. चार-तीन.

राहिलेले सेकंद ती नुसती चिकटून राहिली. शिट्टी झाली, हात वर झाला, आणि ती तरातरा कोपऱ्याकडे गेली.

“कुणाला ओरडलात?”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तिला,” ते म्हणाले. “पाय उघडा दिसला गं. तोंडातून निघून गेलं.”

बारकी रिवाजाप्रमाणे हात मिळवायला आली. तिचे डोळे भरले होते, तरी ती हसत होती.

“उघडा नव्हता, सर. मुद्दाम ठेवला होता,” ती म्हणाली. “ही आत शिरली की मान अडकवून उलटवणार होते. दोन वर्षं तेवढंच घोटलंय.”

“अगं, मग मागे कशाला घेतलास?” जळू जवळजवळ ओरडलीच.

बारकीने खांदे उडवले.

“सरांनी हाक मारली ना.”