आधी काय गेलं?

कोणाच्याही घरी गेला तरी टीव्हीचा मेकॅनिक हत्यारांची पिशवी उघडण्याआधी एकच प्रश्न विचारी, "आधी काय गेलं?" लोक इथेच उलटसुलट सांगतात, आणि मग माणूस दिवसभर भलत्याच दारावर धडका मारत बसतो.

शिंप्याच्या बायकोलाही त्याने तेच विचारलं.

"लाल गेला, भाऊ. लाल गेला आणि मग हे पोराला बघून बोलेनासे झाले."

शिंपी टीव्हीसमोर खुर्चीत बसला होता. एके काळी नुसत्या बोटाने चाचपून कापड ओळखणारा माणूस, आता बायकोलाच गिऱ्हाईक समजे. ती मात्र रोज दुपारी एक जुनी कॅसेट लावी. त्यात त्यांचा मुलगा, दहा वर्षांचा, हात लाल शर्टाला पुसायचा, आणि खुर्चीतला शिंपी पडद्याकडे बघून खेकसायचा, "ढब्ब्या, शर्ट मळवू नकोस!" मुलाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या एका खेकसण्यावर ती माउली दिवस काढत होती.

"आता बघा, पोराचं तोंड शेवाळासारखं दिसतंय. बापाने तरी ओळखायचं कसं?"

मेकॅनिकने रंगाचं बटण पार खाली नेलं.

"अहो, होता तोही रंग घालवलात!"

"थांबा हो वहिनी. काळंपांढरं स्वच्छ दिसलं तर दुखणं वरवरचं. तेही हिरवट दिसलं, तर पिक्चर ट्यूबचं."

हिरवटच दिसलं. त्याने मागचं झाकण काढलं, लालची आणि हिरव्याची वायर अदलाबदल करून पाहिली. तरी लाल मुकाच.

"ट्यूबमध्ये तीन रंगांच्या तीन गन असतात. लालची म्हातारी झालीय."

"आपल्यासारखी."

"आपण निदान खोकतो तरी." मग तो गंभीर झाला. "तिला विजेचा एक झटका देऊन बघता येईल. लागला तर काही दिवस लाल येईल. नाही तर ट्यूब कायमची गेली. दुसरी आता कुठे मिळत नाही."

"द्या झटका."

"विचार करा."

"करूनच बोलावलंय तुम्हाला."

मागून काम करताना पडदा दिसावा म्हणून त्याने तिला आरसा घेऊन समोर उभं केलं. ट्यूबच्या मानेत निळी ठिणगी उडाली. त्याने स्वतः जुळवलेली झटक्याची पेटी क्षणभर गुरगुरली. त्याने वायरी परत जोडल्या, कॅसेट लावली. आधी मुलाचे कान तांबूस झाले, मग गाल, मग शर्ट.

"आला! अहो, बघा ना, कोण आहे?" ती शिंप्याकडे वळली.

शिंपी पुढे वाकला, डोळे बारीक करून बघू लागला. पडद्यावर मुलाने हात शर्टाला पुसला. शिंप्याने शिवणीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला,

"लाल कापडाला मरून दोरा! कोणत्या गाढवाने शिवलाय?"

"तुम्हीच शिवलाय. लाल रीळ संपलं होतं तेव्हा. आपल्या ढब्ब्याला."

"कोण ढब्ब्या?"

मेकॅनिक टीव्हीमागे बसून राहिला. लाल आणि मरून यांतला फरक ट्यूब दाखवत होती, म्हाताऱ्याचा डोळा टिपत होता. दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "खरं सांगा. आधी काय गेलं?"

तिने आरसा पोटाशी धरला.

"ह्यांचं बोलणं. चांगला महिनाभर आधी. मग लाल गेला आणि मला बरं वाटलं, भाऊ. म्हटलं, चला, दोष डब्याचा आहे."

तो झाकण लावायला उठला.

"तो लाल परत घालवता येईल का हो?"

चाळीस वर्षांत चालता टीव्ही बिघडवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लालचा स्क्रू मागच्या पट्टीवरच होता. पाव फेरा पुरला असता. पडद्यावर ते पोर पुन्हा शर्टाला हात पुसत होतं, आणि शिंपी खिडकीबाहेर बघत होता.

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"आरसा धरा, वहिनी."