सतराव्या ओळीचं पाणी

उरलेलं पाणी वाटेवर ओतू नये, कशाच्या तरी मुळाशी ओतावं, असं माझी सासू सांगायची. म्हातारी गेली, पण तिच्या या शिकवणीनं माझा जीव टांगणीला लावला.

मी केसरबाई. निघोज्याच्या बियाण्याच्या फार्मावर बायकांची मुकादम. बहात्तरच्या दुष्काळात फार्म चालवणाऱ्या दौलतराव साहेबांनी तिथं ज्वारीच्या सतरा ओळी पेरल्या. बी परमुलखातनं लिफाफ्यात आलेलं, देशोदेशी वाटलेलं. त्याला नाव न्हाई, नुसते नंबर. साहेबांनी बजावलं, "थेंबभर पाणी द्यायचं नाही. जगेल ती आपली."

सोळा ओळी वाळून गेल्या. शेवटची, सतरावी, तेवढी हिरवी राह्यली. साहेब पोरावानी नाचले. ताडून बघायला दुसऱ्या वावरात पेरलेली सतरावी ढोरांनी खाल्ली व्हती. मग विहिरीच्या पाण्यावर दोन वर्सं बी वाढवलं, नाव ठेवलं 'निघोजे सतरा', माळरानाची ज्वारी.

शेतकऱ्यांना बी वाटायच्या दिवशी सकाळी भाकरी खाल्ली, बांधावर हात धुतले आन् सवयीनं तांब्यातलं पाणी कडेच्या तुरीच्या मुळाशी ओतलं. ओतलं आन् ध्यानात आलं. अगं बया! सतरावी ओळ तर आमच्या जेवायच्या बाभळीला लागून व्हती. बारा बायका रोज दुपारी तिथंच हात धुवायच्या, डबे विसळायच्या. समदं पाणी सतराच्या मुळाशी, आन् ओता म्हणून सांगणारी मीच!

बोलावं तर मुकादमी जाईल, साहेबांचं तोंड काळं होईल. न बोलावं तर माळावरची शेतं करपतील. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पदराला हात पुसले आन् तशीच मंडपात गेले. भेकड मेली मी!

मंडपात चाळीस शेतकरी रांगेत हुभे. साहेब म्हणाले, "पहिली पिशवी केसरबाईंच्या हातून." पिशवी उचलली, तर समोर माझाच भाऊ कोंडीराम. पुनावळ्याच्या खडकाळ माळावर त्याचं शेत, वरच्या पावसावर पिकणारं.

हसत म्हणाला, "तायडे, साहेबांच्या शब्दावर जुनं बी परवाच दळून खाल्लं बघ. आता हेच."

पिशवी माझ्या हातातनं सुटंना. त्यानं वढली, मी सोडली न्हाई.

"साहेब," मी म्हणाले, "सतराला पाणी मिळालं व्हतं."

"कोणी दिलं?"

"आमीच. हात धुतल्याचं. रोज."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले न्हाईत. खाली बसले, टोपी काढली. मग म्हणाले, "वाटप बंद करा."

मला वाटलं व्हतं, बोलल्यावर भ्या जाईल. कसलं जातंय! पेरणीचा हस्ताचा पाऊस चार दिवसांवर आलेला. कोंडीरामचा हात अजून पिशवीवरच व्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं लहानपणी इचारायचा तसं, हळूच इचारलं, "मग तायडे, आता मी काय पेरू?"

त्याच्या मागं रांगेतला एकबी माणूस हलला न्हाई. समदे माझ्या तोंडाकडं बघत व्हते. माझ्या घरी मडक्यात जुनं बी व्हतं, पायलीभर, जेमतेम एका शेताला पुरंल एवढं.