लेम्पीकडची कॉफी

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांनी कॉफी बंद सांगितली, तेव्हा ताइस्तो तिथेच गुरगुरला, "जीव सोडेन, कॉफी नाही सोडणार!"

बोलायला याचं काय जातंय? निस्तरायचं हेल्वीने. जन्माचा संसार होता, नवरा तिला हवा होता. तिने डब्यात गुपचूप कॅफिन काढलेली कॉफी भरली. पूर्वी दोघं समोरासमोर बसून पीत. आता तोंडावरून चोरी कळेल म्हणून ती बसेचना. चुलीपाशी उभी राहून त्याचा कप बघत राहायची.

दुसऱ्याच दिवशी ताइस्तोचं डोकं ठणकायला लागलं. जांभया काय, चिडचिड काय! "तुझ्या हाताची चवच गेली," असं वर ऐकवायचा. मग तो तळ्यापलीकडच्या विधवा लेम्पीकडे रोज कॉफीला जायला लागला. आठवड्याभरात डोकेदुखी पळाली आणि स्वारी शीळ घालत घरी येऊ लागली.

हेल्वीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सटवी खरी कॉफी पाजते, म्हणून म्हातारा तिकडे ओढला जातोय! हेल्वीने पुन्हा खरी कॉफी आणली, वर दोन चमचे जास्त टाकली. ताइस्तो खूश झाला, पण लेम्पीकडे जायचा थांबला नाही. मग तिने आणखी कडक केली.

लाकडं फोडता फोडता तो कोसळला, तो उठलाच नाही.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती. त्या कॉफीला कुणी नाही म्हणत नाही. हेल्वी मुद्दाम किटली घेऊन लेम्पीपाशी गेली. लेम्पीने कपावर हात ठेवला.

"नको गं. माझंही हृदय नाजूक. कित्येक वर्षं मी कॅफिन काढलेलीच पिते."

"मग ताइस्तोला काय द्यायचीस?"

"तीच. त्याला कुठं कळत होतं?"

"अगं, तुझ्याकडे येऊनच तर त्याचं डोकं दुखायचं थांबलं!"

"कॅफिन सुटलं की डोकं दुखतं, ते आठवड्याभरात आपोआप थांबतं, हेल्वी. माझंही थांबलं होतं."

"मग येत कशाला होता?"

लेम्पीने मान खाली घातली. "म्हणायचा, हेल्वी आता माझ्यासमोर बसत नाही. उभी राहून बघते, कप कधी संपतोय ते."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी रिकामा कप पुढे केला.

"घाल गं अजून. मस्त कडक झालीय, ताइस्तोला आवडायची तश्शी."